देव आणि माणूस यांच्यातला ‘मध्यस्थ’ नेमका कोणाच्या बाजूचा असतो?

प्रश्न : धुरेकरी (मेहकर तालुका)

सर्वांना नमस्कार. मी ख्रिस्ती नाही आणि कोणाच्या श्रद्धेला नावे ठेवण्यासाठीही लिहीत नाही. एक शब्द डोक्यात अडकला आहे, तो सोडवून घ्यावा म्हणून लिहीत आहे.

गेल्या महिन्यात गावातील एका ख्रिस्ती आजींच्या मातीला गेलो होतो. आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजून चार, परंतु आजींनी आयुष्यभर सगळ्या आळ्यांतली बाळंतपणे केलेली असल्यामुळे अर्धे गाव नाल्यापलीकडच्या दफनभूमीत उभे होते. पाळकांनी पवित्र शास्त्रातून जे वाचले त्यातले एक वचन असे होते की, देव एकच आहे, आणि देव व माणसे यांच्यामध्ये मध्यस्थही एकच आहे, तो म्हणजे मनुष्य असलेला ख्रिस्त येशू. माती लोटून झाली, लोक हापशीवर हातपाय धुऊ लागले, आणि मी मात्र ‘मध्यस्थ’ या शब्दाशीच थांबून राहिलो, कारण तो माझ्या कामातला शब्द आहे.

मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीवर आहे. शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हापासून आमच्या नोंदवहीत आलेले बहुतेक तंटे धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे आहेत. गेल्या वर्षीचाच घ्या. दोन चुलतभाऊ; एकाच्या ट्रॅक्टरने नांगरताना पलीकडचे दोन तास (नांगराच्या दोन ओळी) आत घेतले, आणि दुसऱ्याने चिडून धुऱ्यावरचा सामाईक निंब तोडून विकला. पुढे एकाच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्याच्या घरून कोणी आले नाही. मी दोघांच्याही घरी जाऊन बसलो. एकाने खाटेवर बसवले आणि दुसऱ्याने आतून खुर्ची आणून दिली, तर ‘तुम्हाला तिकडे खुर्ची मिळाली’ एवढ्यावरून पहिल्याने माझ्यावर संशय घेतला. शेवटी एकाने दोन तास सोडले, दुसऱ्याने निंबाचे अर्धे पैसे दिले आणि कागदावर सह्या झाल्या. आता ते बोलतात, पण कामापुरते.

या कामात मला एवढे कळले की मध्यस्थ दोघांपैकी कोणाचाच नसावा लागतो, आणि समेट व्हायचा तर दोघांनाही थोडे थोडे सोडावे लागते. अडचण इथेच आहे. ख्रिस्ती मतानुसार येशू स्वतः देव आहे. मग एका पक्षाचाच माणूस मध्यस्थ म्हणून कसा चालेल? आमच्या समितीत असा अध्यक्ष बसवला तर दुसरा पक्ष पहिल्याच बैठकीतून उठून जाईल. शिवाय देवाची काहीच चूक नसेल तर त्याने सोडायचे काय? जिथे एकच बाजू चुकलेली असते त्याला आम्ही समेट म्हणत नाही, माफी म्हणतो. आणि सर्वांत मूळची शंका अशी की, देवाला जर पिता म्हणायचे, तर बापाशी बोलायला लेकराला मध्ये माणूस कशाला हवा? बाजार समितीत आम्हाला अडत्या लागतो, कारण खरेदीदार आमच्या ओळखीचा नसतो. देवाच्या बाबतीत तसे म्हणता येईल का?

प्रतिसाद : निवृत्त गुरुजी (वाशीम)

भाऊ, आमच्या मंडळीत दर रविवारी बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा प्रश्न पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे वडील पाळक होते. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळला होती, आणि वडील तिथेच शिकले. मध्यस्थाचा विषय निघाला की ते तीमथ्याच्या पत्रापासून नव्हे, पवित्र शास्त्रातल्याच ईयोबापासून सुरुवात करीत.

लेकरे गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले, अशा अवस्थेत ईयोब नवव्या अध्यायात तक्रार करतो की देव काही माझ्यासारखा माणूस नाही, की मी त्याला जाब द्यावा आणि आम्ही दोघांनी मिळून न्यायासनापुढे जावे. आम्हा दोघांवर हात ठेवील असा मध्यस्थही आमच्यामध्ये कोणी नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात या जागी ‘मेसितेस’ हा शब्द आहे, आणि आपण दफनभूमीत ऐकलेल्या वचनातही (तीमथ्याला पहिले पत्र २:५) तोच शब्द आहे. ईयोबाला दोघांपासून सारख्या अंतरावर उभा राहणारा माणूस नको आहे. ज्याचा एक हात देवापर्यंत पोचेल आणि दुसरा राखेत बसलेल्या माणसापर्यंत, असा कोणीतरी हवा आहे.

तुम्ही धुऱ्याच्या तंट्यात कोणाचेच नसूनही चालता, कारण ते चुलतभाऊ आणि तुम्ही तिघेही माणसेच आहात आणि तुमचा हात दोघांपर्यंत पोचतो. देव आणि माणूस यांच्यात असा ‘तिसरा’ आणायचा कुठून? चौथ्या शतकात ॲरियस नावाच्या पाळकाने जवळजवळ हेच सुचवले होते: पुत्र हा पित्याहून खाली, पण बाकीच्या सृष्टीहून वर. ३२५ साली नायसिया येथील धर्मपरिषदेने ते नाकारले. जो दोघांच्या मधल्या पायरीवर आहे तो दोघांपैकी एकाचाही खरा प्रतिनिधी होऊ शकत नाही, अशी त्या नकारामागची भूमिका आहे. पुढे ४५१ साली खल्केदोनच्या परिषदेने सूत्र मांडले की ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य आहे. व्यक्ती एक, स्वभाव दोन, त्यांची सरमिसळ होत नाही आणि फारकतही होत नाही. हे सूत्र ऐकायला कोरडे आहे, हे मी कबूल करतो. माझ्या वर्गातली पोरे व्याकरणाच्या तासाला जशी जांभया देत तशीच मंडळीही या सूत्राला देते. परंतु तुमच्या पहिल्या शंकेला उत्तर देण्याचाच तो प्रयत्न आहे. तो एका पक्षाचा आहे असे तुम्ही म्हणता, तर ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की तो तुमच्याही पक्षाचा आहे आणि म्हणूनच वचनात ‘मनुष्य’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे.

आता समेटाची दिशा पाहा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की देवाने ख्रिस्ताच्या द्वारे जगाचा आपल्याशी समेट केला. वाक्याचा कर्ता देव आहे. नव्या करारात हे क्रियापद देवाविषयी जिथे जिथे येते, तिथे समेट करणारा देव असतो आणि ज्यांचा समेट केला जातो ती माणसे असतात. माणसांनी मध्यस्थ पाठवून देवाची समजूत घातली, अशी रचना कुठेही नाही. तुमच्या तंट्यात ज्याचे दोन तास गेले तोच उठून आधी दुसऱ्याच्या ओसरीवर गेला असता, तर चित्र थोडे जुळले असते.

अडत्याची उपमा मात्र मला पटत नाही. इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात येशूला कराराचा मध्यस्थ म्हटले आहे, पण त्याआधी सातव्या अध्यायात ‘जामीन’ म्हटले आहे. सोसायटीच्या कर्जाला कोणाला जामीन राहिलेल्या माणसाला मी या दोन शब्दांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. मध्यस्थ सह्या झाल्या की घरी जातो. जामीनदाराच्या दारात थकबाकीची नोटीस येते. हे पत्र दोन्ही शब्द एकाच व्यक्तीला लावते.

प्रतिसाद : वर्धाकाठचा वाचक (पुलगाव)

गुरुजींनी विषय स्वच्छ मांडला, त्याबद्दल त्यांचे आभार. तरीही मी आदरपूर्वक असहमत आहे. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला होते आणि आमचे घर तेव्हापासून बौद्ध आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि इतर धर्मसंस्थापक यांच्यातला फरक सांगताना जो शब्द वापरला तो इथे महत्त्वाचा आहे: बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. वाट दाखवणे हे त्याचे काम. चालायचे आपल्यालाच आहे. त्यांनी ही तुलना करताना येशूचा स्पष्ट उल्लेख केला आहे, त्यामुळे हा मुद्दा मी ओढूनताणून आणत नाही.

माझी अडचण दोन प्रकारची आहे. माझे देणे दुसऱ्याने फेडले तर माझ्या कर्माची जबाबदारी कुठे गेली, ही एक. दुसरी तत्त्वज्ञानाची नाही, अनुभवाची आहे. आमच्या पणज्यांना देवळाच्या पायरीवरही चढू दिले जात नव्हते, आणि त्यांना अडवणारा प्रत्येक माणूस देव आणि माणूस यांच्या मध्ये उभे राहण्याचाच अधिकार सांगत होता. त्यामुळे ‘मध्यस्थ’ हा शब्द आमच्या कानाला तुमच्या कानासारखा गोड लागत नाही. मध्ये उभा राहिलेला माणूस दार उघडायला उभा आहे की अडवायला, हे बाहेर थांबलेल्यालाच आधी समजते.

आणि गुरुजी, आपल्याच ग्रंथातला एक दाखला विचारतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात वाया गेलेला धाकटा मुलगा घरी परततो, बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. त्या गोष्टीत मध्यस्थ कुठे आहे? धुरेकरी भाऊंची तिसरी शंका येशूने स्वतःच सोडवलेली दिसते, आणि तीही मध्यस्थाशिवाय.

प्रतिसाद : रात्रपाळी (अचलपूर)

मी परिचारिका आहे आणि आमचे घर कॅथलिक आहे. गुरुजींच्या प्रोटेस्टंट परंपरेतले लोक आम्हाला नेहमी विचारतात की मध्यस्थ एकच असेल तर तुम्ही मरियेला आणि संतांना मध्ये का घेता. धुरेकरी भाऊंच्या मनातही ते पुढेमागे येईलच, म्हणून आधीच लिहिते.

गोंधळाचे निम्मे कारण मराठीत आहे. आपण ‘मध्यस्थी’ हा शब्द दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरतो. तुटलेले नाते जोडणे ही एक मध्यस्थी, आणि कोणासाठी शब्द टाकणे ही दुसरी. या दुसरीसाठी ‘रदबदली’ हा चांगला जुना शब्द आहे, पण तो आता कोणी बोलत नाही. ज्या अध्यायात एकच मध्यस्थ सांगितला आहे, त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात सर्व माणसांसाठी प्रार्थना आणि विनवण्या करा असेही सांगितले आहे. म्हणजे एकमेकांसाठी शब्द टाकल्याने त्या एका मध्यस्थाची जागा जात नाही, असे लिहिणाऱ्याला नक्कीच वाटत होते. आम्ही एवढेच मानतो की मरण आल्याने ही प्रार्थना बंद पडत नाही. मरियेच्या प्रार्थनेचा शेवट ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ असा आहे; ‘आम्हाला तार’ असा नाही. १५६३ साली आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने संतांचा धावा उपयुक्त ठरवला तेव्हाही तारणारा एकटा ख्रिस्त आहे हे त्याच वाक्यात घातले, आणि १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मरियेला दिल्या जाणाऱ्या पदव्यांविषयी बजावले की त्यांनी एकमेव मध्यस्थ ख्रिस्ताच्या योग्यतेत काही उणेही होत नाही आणि भरही पडत नाही.

व्यवहारात हा तोल नेहमी सांभाळला जातो असे मी म्हणणार नाही. आमच्याकडेही काही जण संताशी नवसाचा सौदा करतात, आणि तेव्हा तुमचा अडत्या मला अगदी ओळखीचा वाटतो.

एक प्रसंग सांगते. वॉर्डात एक वयस्कर कॅथलिक बाई होत्या. रात्री दिवे मंद केल्यावर त्या पांघरुणाखाली जपमाळ ओढत, आणि मण्यांचा बारीक आवाज शेजारच्या खाटेवर ऐकू जाई. त्या खाटेवर दर्यापूरकडची एक माउली होती, कपाळावर कुंकू, हाताला सलाईन. तिसऱ्या रात्री तिने हळूच विचारले, ‘बाई, माझ्याही नावाचा एक मणी ओढसान का?’ बाईंनी नाव विचारले आणि ओढला. रदबदली म्हणजे एवढीच गोष्ट आहे, आणि ती करणाऱ्या बाईंना आपण कोणाची जागा घेतली असे वाटलेही नसेल.

जाता जाता एक कबुली देते. समेटाचा निरोप सांगणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांतच इतके धुरे आहेत की २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ही घटना आजही नवलाची म्हणून सांगितली जाते. आमचा आणि गुरुजींचा धुरा अजून मोजणीवरच आहे.

प्रतिसाद : रिद्धपूरचा शेजारी (मोर्शी तालुका)

आम्ही महानुभाव आहोत. गुरुजींनी ‘तिसरा’ चालत नाही असे जे लिहिले, ते वाचून आमच्याकडचे निरूपण आठवले. चक्रधर स्वामींच्या शिकवणीत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ एकमेकांपासून वेगळे आहेत. देवता आपापली फळे देतात, परंतु जीवाला बंधनातून सोडवणे त्यांच्या हाती नाही. ते परमेश्वरच करू शकतो, आणि त्यासाठी तो कृपेने मनुष्यदेह धारण करून जीवांमध्ये येतो. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरच्या गल्ल्यांत फिरले ते याच अर्थाने, असे आम्ही मानतो.

साम्य इथवरच आहे. आमच्याकडे जीवाचे बंधन मुख्यतः अज्ञानाचे, म्हणून परमेश्वर देतो ते ज्ञान. देण्याघेण्याचा, जामिनाचा हिशेब आमच्या निरूपणात मुख्य नाही. आणि आम्ही पाच कृष्ण, म्हणजे परमेश्वराचे पाच अवतार मानतो, एक नव्हे. म्हणून मला गुरुजींना विचारावेसे वाटते की ‘एकच’ या शब्दावर इतका भर कशासाठी?

धुरेकरी

सर्वांचे आभार. दोघांवर हात ठेवणारा, हे मला पटले. माझी पहिली शंका मी मागे घेत नाही, पण ती मी समजत होतो तितकी सोपी नव्हती हे मान्य करतो.

जामीनदाराच्या उपमेने मात्र नवीनच पेच उभा केला आहे, आणि पुलगावच्या भाऊंचा रोख मला वाटते तिकडेच आहे. कोणाला दंड झाला आणि तो त्याच्या मामाने भरला तर तहसीलदार पावती देतो, मामाचे नाव विचारत नाही. परंतु कोणाला कैद झाली आणि त्याच्या जागी मामा तुरुंगात जाऊन बसतो म्हणाला, तर ते कोणताही न्यायाधीश चालवून घेणार नाही. वधस्तंभ हा दंड होता की कैद? कैद असेल, तर निर्दोष माणसाला शिक्षा देऊन दोषी माणसाला सोडणारा न्याय आम्हाला आमच्या समितीतसुद्धा चालणार नाही.

निवृत्त गुरुजी

भाऊ, ही शंका तुमच्याआधी खुद्द पवित्र शास्त्रात आलेली आहे. निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजल्यावर मोशे देवाला म्हणतो की यांची क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझे नाव खोडून टाक. मोशे हा खराखुरा मध्यस्थ होता. गलतीकरांस पत्रात नियमशास्त्र मध्यस्थाच्या हातून आले असे म्हटले आहे ते त्याच्याच संदर्भात. परंतु देव त्याची विनंती मान्य करीत नाही. ज्याने पाप केले त्याचेच नाव मी खोडीन, असे उत्तर मिळते. म्हणजे मामाला तुरुंगात बसवायला देवानेही नकार दिला.

मग ख्रिस्ती लोक काय म्हणतात? इथे मंडळीने एकच उपपत्ती कधी बंधनकारक केलेली नाही, हे आमचे उपदेशकही विसरतात. नायसियाच्या मतांगिकारात (श्रद्धेच्या जाहीर सूत्रात) ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढेच शब्द आहेत. कसे, हे मोकळे ठेवले आहे. आरंभीच्या शतकांत खंडणी देऊन गुलाम सोडवण्याची भाषा प्रिय होती, तर चौथ्या शतकातच नाझियान्झसच्या ग्रेगरीने विचारले की ही खंडणी दिली कोणाला. सैतानाला म्हणणे लाजिरवाणे आहे, आणि पित्याला म्हणावे तर त्याने आपल्याला कोंडले कधी होते? १०९८ च्या सुमारास इंग्लंडमधील आर्चबिशप ॲन्सेल्मने जी मांडणी पूर्ण केली ती तुमच्या दंड आणि कैद या भेदाच्या फार जवळ जाते. त्याच्या मते अपराधानंतर दोनच वाटा उरतात, शिक्षा किंवा भरपाई; आणि ख्रिस्ताने केली ती भरपाई, म्हणजे शिक्षा टळली ती भरपाईमुळे. शिक्षाच ख्रिस्तावर पडली, अशी मांडणी ठळक झाली ती सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांमध्ये, विशेषतः कॅल्विनकडे, आणि आमच्या मंडळ्यांच्या गीतांत आणि उपदेशांत तीच अधिक ऐकू येते. रागावलेला बाप आणि मध्ये पडून मार खाणारा भला मुलगा, असे चित्र त्यातून पुष्कळांच्या मनात तयार होते. ते चित्र चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात पिता आणि पुत्र हे दोन वेगळे पक्ष होतात आणि ३२५ सालची सगळी मेहनत वाया जाते.

मला जे पटते ते आपल्याकडच्या कर्जमाफीवरून सांगतो. कर्ज माफ झाले की आपण म्हणतो की सुटलो, पण रक्कम हवेत विरत नाही. ती देणाऱ्याच्या वहीत बुडीत म्हणून बसते. क्षमा करणाऱ्याला क्षमा फुकट पडत नाही. देवाने सोडायचे काय, ही तुमची दुसरी शंका होती. ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर असे की तोटा त्याने तिसऱ्या कोणावर ढकलला नाही, स्वतःच्या वहीत मांडून घेतला, आणि वधस्तंभ म्हणजे ती मांडणी. मोशेला नकार का मिळाला आणि येशूला का नाही, हे मला याखेरीज दुसऱ्या रीतीने समजलेले नाही. रिद्धपूरच्या भाऊंनी विचारलेला ‘एकच’वरचा भरही इथूनच येतो: वही ज्याची आहे तो एकच आहे, म्हणून बुडीत मांडून घेणाराही एकच.

पुलगावच्या भाऊंना दोन शब्द. लूकच्या पंधराव्या अध्यायाची पहिली दोन वचने पाहावीत. हा पापी लोकांना जवळ करून त्यांच्या पंगतीला बसतो, अशी कुरकुर झाली म्हणून येशूने ती गोष्ट सांगितली. गोष्टीत मध्यस्थ नाही हे खरे, पण गोष्ट सांगणारा त्या पंगतीत बसलेला आहे. आपली दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि तिच्यावर माझ्याकडे वाद नाही. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्रस्थानापुढे पडदा असे. महायाजक वर्षातून एकाच दिवशी आत जाई, आणि तेही आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्ह्याचा बळी देऊन. येशूच्या मरणाच्या वेळी तो पडदा वरून खालपर्यंत फाटला, असे मत्तय लिहितो. तो फाटल्यावर पुन्हा टाके घालणाऱ्यांत आमच्या मंडळ्याही आहेत. कोण कोणत्या जातीतून आला हे लग्नाच्या वेळी आमच्याकडेही विचारले जाते. जबाबदारीविषयी एवढेच म्हणतो की कर्जमाफी मिळालेला शेतकरी पेरायचे थांबत नाही.

धुरेकरी भाऊ, आपण फिलेमोनाला लिहिलेले पत्र वाचावे. जेमतेम पंचवीस वचनांचे आहे. अनेसिम नावाचा दास मालकापासून दुरावला आहे आणि पौल त्या दोघांमध्ये पडून हे पत्र लिहितो. समितीच्या कामातल्या माणसाला त्यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल.

धुरेकरी

गुरुजी, आजींच्या नातवाकडून पवित्र शास्त्र मागून आणले आणि ते पत्र दोनदा वाचले. पौल मालकाला ‘भाऊ’ म्हणतो आणि दासाला ‘माझे काळीज’ म्हणतो. आमच्याकडे असे दोन्हीकडे गोड बोलणाऱ्याला लोक दुतोंडी म्हणतात. पण पुढे अठराव्या वचनात तो लिहितो की याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा याच्याकडून काही येणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड. मी इतकी वर्षे तंटे मिटवतो आहे, परंतु ट्रॅक्टरने कोरलेले दोन तास माझ्या नावावर मांडा असे म्हणण्याचे मला कधी सुचले नाही, आणि सुचले असते तरी घरच्यांनी म्हणू दिले नसते.

तुमचे सगळे पटले असे नाही. कैदेची शंका माझ्यापुरती शिल्लक आहे, आणि बुडीत मांडण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच असतो हे मान्य केले तरी, त्यासाठी जीव जाण्याची गरज काय होती हे मला कळलेले नाही. पाळक पुढल्या महिन्यात आजींच्या घरी प्रार्थनेला येणार आहेत, तेव्हा त्यांना विचारीन.

आमच्या नोंदवहीत शेवटचा रकाना ‘निकाल’ असा आहे, आणि तो रिकामा ठेवलेला वरिष्ठांना चालत नाही. म्हणून सवयीने मी पत्राचा शेवट पुन्हा पाहिला. फिलेमोनाने अनेसिमला घरात घेतले की नाही, हे त्यात लिहिलेले नाही.